ग्यानोबा मास्तरांच्या साक्षी

माझे दाजी ग्यानोबा मास्तर यांनी धोंडगावात सव्वीस वर्षं माणसं पुरली. हे वाक्य ऐकून लोक दचकतात, म्हणून मी ते मुद्दाम असंच सांगतो. ते मिशनचे प्रचारक होते. उदगीरपासून चार कोसांवर, देगलूरच्या अंगाला आमची ख्रिस्ती वस्ती होती, तीस-पस्तीस घरांची. पाळकसाहेब उदगीरला राहायचे, महिन्यातून एकदा सायकल मारत यायचे आणि ऊन तापायच्या आत परत जायचे. बाकी सगळं, म्हणजे रविवारची प्रार्थना, पोरांची शाळा, सोयरिकी, नवरा-बायकोची भांडणं आणि मयत, दाजींच्या गळ्यात.

माझी थोरली बहीण सिंधु त्यांना दिली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आम्ही तिला अक्का म्हणायचो. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून फारसा आवडला नाही. त्यांचं काही चुकलं होतं असं नाही. ते गोड बोलायचे, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो, अजून येतो. अक्का माझ्यासारखीच फटकळ. तिनं त्यांच्याबरोबर तीस वर्षं कशी काढली, याचं मला नवल वाटायचं. पण तिचा त्यांच्यावर जीव होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

आमच्या वस्तीत मयतीची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या गावच्या ख्रिस्ती लोकांत पाहिली नाही. प्रेत खड्ड्यात उतरवलं की माती लोटायच्या आधी मास्तर काठावर उभे राहायचे आणि गेलेलं माणूस शेवटच्या घटकेला कसं होतं ते सांगायचे. याला साक्ष म्हणत. "भ्याला न्हाई, प्रभूचं नाव घेत निवांत गेला," असं मास्तरांनी म्हटलं की सगळी मंडळी एका आवाजात "जय ख्रिस्त" म्हणायची आणि मग एकेकजण मूठमूठ माती टाकायचा. साक्ष झाल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही.

या रीतीमागं कारण होतं. आमचे आजे-पणजे मांग, मरीआईचे सेवेकरी. दाजींचा आजा तर पोतराज होता, अंगावर कोरडे ओढून घेणारा. ही माणसं बाप्तिस्मा घेऊन बाजूला झाली तेव्हा वरच्या गावानं सांगितलं, आई तुम्हाला सोडायची नाही, जिवंतपणी नाही तर मरताना येऊन धरील. आता मरणारा माणूस डोळे फिरवतो, ओरडतो, अंथरूण चाचपतो. हे कुठल्याही घरात होतं, पाटलाच्या वाड्यातही होतं. पण वस्तीतलं कुणी असं गेलं की दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा, धरलं बघा आईनं. त्या बोलण्याला उत्तर म्हणून पहिल्या प्रचारकानं साक्षीची रीत घातली. हळूहळू तिचं असं झालं की भिऊन मरणं म्हणजे सैतानापुढं हरणं, असा वस्तीचा पक्का समज होऊन बसला. शास्त्रात असं कुठंही लिहिलेलं नाही. मी मिशनच्या बोर्डिंगात आठ वर्षं शिकलो आहे, मला माहीत आहे. पण वस्तीत शास्त्र वाचणारे तिघेचौघेच आणि मरणारे सगळेच.

दाजींचा आवडीचा उपदेशही हाच. "सैतानाकडं हत्यार एकच हाय," ते म्हणायचे, "मरनाचं भ्याव. त्या भ्यावानं त्यानं मानसाला जन्मभर बांधून ठिवलं. मंग प्रभूनं काय केलं? त्यो सोताच मरनाच्या घरात शिरला आन आतून कडी काढली. आता ते घर आपल्याला कोंडू शकत न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा आणि म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

आणि हे सांगणारा माणूस वस्तीतला सगळ्यात भित्रा. छातीत जराशी कळ आली की अक्काला हाताला धरून शेजारी बसवायचे. आठ वर्षांचे असताना पटकीत त्यांचे आई, बाप आणि दोन भाऊ एका आठवड्यात गेले होते, आणि चारही वेळा ते त्याच खोपटात होते. पुढं सगळा जन्म ते कुणाच्या ओकारीचा आवाज आला तरी पांढरेफटक पडत. तरी मरणाऱ्याच्या उशाशी जाऊन बसायचे, एकदाही चुकले नाहीत. मला तेव्हा ते ढोंग वाटायचं. आता वाटतं, ज्याला भीतीच नाही तो कशाला असला उपदेश सव्वीस वर्षं करत बसेल.

त्यांच्या साक्षींतल्या किती खऱ्या, हे फक्त अक्काला माहीत होतं. ती सुईणपण करायची, वस्तीतही आणि वरच्या गावातही. शिवाय मेलेल्या बायकांना आंघोळ घालायचं कामही तिच्याकडं. मरणाऱ्याच्या एका बाजूला दाजी आणि दुसऱ्या बाजूला ती, असं कैक वेळा झालं. मी एकदा तिला चेष्टेनं विचारलं, "अक्का, आपल्या वस्तीत कुणीच कसं भीत नाही गं?" ती भाकरी थापत होती. "तुझ्या दाजीला इच्यार," म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल इतकं बोलून झालं आहे की मी थोडक्यात सांगतो. विहिरींचे तळ दिसले, परदेशची लाल मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले, आणि अख्खी वस्ती पाझर तलावाच्या कामावर माती उपसायला गेली. मास्तरही गेले, अक्काही गेली. मी उदगीरच्या तहसिलीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, सावलीत बसून हजेरीपटांच्या नकला करत होतो.

धुरपताबाई म्हणून आमच्या घराशेजारी एक विधवा होती. तिला एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी बिलोलीला दिलेली. मुलगा किशन वीस वर्षांचा, दांडगा, हसरा, आईच्या मागं मागं करणारा. त्यावरून वस्तीतले जवान त्याला चिडवायचे. वैशाखात मुलीचं बाळंतपण आलं म्हणून धुरपताबाई बिलोलीला गेली. ती गेल्यावर चौथ्या दिवशी तलावाच्या खाणीत मातीची दरड कोसळली आणि किशन छातीपर्यंत गाडला गेला. ओढून काढला तेव्हा शुद्धीवर होता. बैलगाडीत घालून उदगीरच्या दवाखान्याकडं निघाले. गाडी दाजी हाकत होते, आणि अक्का मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दुष्काळातले बैल, चालून चालून किती चालणार. अर्ध्या वाटेत किशन गेला. गाडी तशीच माघारी फिरवली.

तेवढ्या उन्हात ठेवणं शक्य नव्हतं, दिवस मावळायच्या आत माती द्यावी लागली. मी उदगीरहून सायकलीनं पोचलो. काठावर उभं राहून दाजींनी साक्ष दिली. "किशन म्हनला, मास्तर, प्रभू मला घ्यायला आलाय. मला कशाचंच भ्याव न्हाई." एवढा आवाज मी त्या वस्तीचा कधी ऐकला नव्हता. उपाशी माणसांनी "जय ख्रिस्त" म्हटलं आणि कितीतरी जण रडले. अक्का सगळ्यांच्या मागं उभी होती, लुगड्यावर त्याचं रक्त तसंच वाळलेलं. तिनं तोंड उघडलं नाही. मला वाटलं दमली असेल.

धुरपताबाई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दाजी तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तेच शब्द तिला सांगितले. ती उभ्यानं ऐकत होती.

"माझं काय इच्यारलं का त्येनं?" ती म्हणाली.

"न्हाई बाई," दाजी म्हणाले. "मनानं तो पार प्रभूपाशी गेला हुता. हितलं काईच उरलं न्हवतं."

"बरं," ती म्हणाली आणि घरात गेली. थोड्या वेळानं तिच्या जात्याचा आवाज यायला लागला.

किशनची साक्ष पुढं आमच्या वस्तीच्या बाहेर गेली. दाजींनी ती उदगीरच्या सभेत सांगितली, रेणापूरच्या मेळाव्यात सांगितली. कुणी नवे पाळक आले की धुरपताबाईला पुढं बोलावलं जायचं, ही त्या किशनची आई म्हणून. ती पुढं येऊन बसायची, पदर नीट करायची, ऐकायची आणि उठून जायची. कुणी तिला रडताना पाहिलं नाही. बिलोलीला मुलीकडंही ती पुन्हा गेली नाही. नातू तिकडं वाढला, तिनं त्याचं तोंड पाहिलं नाही. लोक म्हणायचे, काय या बाईचा विश्वास आहे. मीही म्हणायचो.

अशी दहा वर्षं गेली. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात अक्काच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात नेली तर डॉक्टरांनी आषाढात घरी पाठवून दिलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. नेमकं तेव्हाच आमच्या कचेरीत नव्या जिल्ह्याची धामधूम. उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा होणार, उदगीर लातुरात जाणार, म्हणून कागदांचे गठ्ठे बांधा, शिक्के बदला, पाट्या रंगवा. मी रजा मागायला गेलो तर साहेब म्हणाले, "जिल्हा काय रोज होतो का?" मी म्हणालो, "बहीणही रोज मरत नाही, साहेब." रजा मिळाली.

अक्का अंथरुणाला खिळली होती. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं वर. मी शेजारी बसलो की माझं मनगट धरून ठेवायची. तिसऱ्या दिवशी, दाजी पाणी आणायला गेलेले पाहून, ती म्हणाली, "शेषा, मला लई भ्याव वाटायलंय."

मी विचारलं, "कशाचं?"

"ठाव न्हाई. एकलं जायचं, त्येचं. मातीचं. मी इतक्या बायका धुतल्या, पर आपलं अंग थंड होनार हे काय मनात येत न्हाई. डोळे झाकले की दचकून उठायलेय बघ."

"प्रार्थना केलीस का?" मी म्हणालो. मी. सहा वर्षं रविवारच्या प्रार्थनेला देवळाची पायरी न चढलेला माणूस.

"करतेच की," ती म्हणाली. "प्रार्थना बी हाय आन भ्याव बी हाय. दोनी हायेत."

दाजी दारात आले होते. त्यांनी ऐकलं होतं. घागर खाली ठेवून ते तिच्या उशाशी बसले. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"सिंधु, असं म्हनू नगं," ते म्हणाले. "ह्यो सैतान हाय. तुला भुलवायलाय. म्हन, मला भ्याव न्हाई."

"भ्याव हाय तर न्हाई कसं म्हनू?"

"आगं, म्हनल्यानं जातं ते."

"तुमचं गेलं का?" अक्कानं विचारलं.

मग अक्कानं माझं मनगट सोडलं आणि त्यांचा हात धरला. ती जे बोलली ते थांबत थांबत बोलली, दम लागत होता.

"ऐका. माझ्यावर खोटं बोलू नगा. किशनवर बोललाव तसं."

"सिंधु."

"शेषाला ऐकू द्या. माय माय करीत गेलं ते लेकरू. गाडी हालली की वरडायचं. प्रभूचं नाव न्हाई घेतलं त्येनं, मायचंच घेतलं. मला म्हनावं वाटलं की आले रं मी, तुझी माय हाय मी. पर तोंडातून शब्द निघंना. तुमी म्होरं बसून सगळं ऐकलाव. आन काठावर उभं राहून काय सांगितलाव?"

"काय सांगायला पायजे हुतं मग?" दाजी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "लोक उपाशी. रोज मरनं. वरचं गाव बघतंय. तवा मी सांगू का, की पोरगं भिऊन मेलं म्हनून? म्हंजे सैतानानं घेतलं म्हनून?"

"भ्यालं म्हनून सैतानानं घेतलं, हे कुनी सांगितलं तुमाला? बागंत प्रभूला सुदिक घाम फुटला हुता की मरनाच्या आदल्या दिशी. तुमीच शिकवलाव मला."

अक्कानं डोळे मिटले. मग म्हणाली, "मी जन्मभर खरं बोलले. मला खड्ड्यात खोटी घालू नगा." दाजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठून घागर आत नेली.

मी तिथं बसून विचार करत होतो की हा माणूस काय करेल. खरं सांगितलं तर सव्वीस वर्षांच्या सगळ्या साक्षी एका दिवसात संशयात जाणार होत्या, आणि त्या साक्षींवर वस्तीतलं एकेक घर उभं होतं. नाही सांगितलं तर अक्काचं शेवटचं मागणं मोडणार. मला खात्री होती की ते गोडच बोलतील.

ज्या दिवशी लातूर जिल्हा झाला त्या दिवशी भर दुपारी अक्का गेली. वस्तीतले काही जवान ट्रकमधून लातूरला कार्यक्रम बघायला गेले होते. घरात आम्ही दोघंच. सोपं गेलं नाही. शेवटच्या तासात ती दोन-तीनदा उठून बसायला धडपडली. "धरा मला," म्हणाली, "धरा, सोडू नगा." दाजींनी तिला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिची नखं त्यांच्या दंडात रुतली होती. ते प्रार्थनाही म्हणत नव्हते, नुसतं "हाय मी, हाय" म्हणत होते. ती गेल्यावरही ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले आणि शेवटी मला त्यांची बोटं सोडवावी लागली.

तिला माती द्यायला माणसं फार जमली. तिच्या हातांवर जन्मलेली पोरं आता बापे झाली होती. वरच्या गावचे व्यंकटराव पाटीलसुद्धा चार माणसं घेऊन आले आणि बांधापलीकडं उभे राहिले, कारण त्यांची तिन्ही नातवंडं बाळंतपणात अक्कानं सोडवली होती. मंडळीचे पंच साहेबराव दाजींच्या कानाशी लागले. "मास्तर, साक्ष जोरात द्या. गाव आलंय."

अक्काला उतरवलं. दाजी काठावर जाऊन उभे राहिले आणि बोलेचनात. लोक वाट बघत होते. पुढच्या ओळीत धुरपताबाई होती, नेहमीसारखी, पदर कपाळापर्यंत.

"सिंधु भिऊन गेली," दाजी म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लई भ्याली. मला धरून ठिवलं हुतं तिनं. प्रार्थना करीत हुती आन भेत बी हुती. तिनं मला सांगितलं हुतं, खोटं बोलू नगा म्हनून. म्हनून सांगायलोय." ते थांबले, धाप लागली होती. "मी बी भेतो. लहानपनापासून भेतो. तुमाला मी शिकवलो की जो भेत न्हाई त्येचा जय. ते चुकलं माझं. जय आपला न्हाईच. आपन भेनारच. जय त्याचा हाय, जो आपल्या आदी तितं जाऊन आला. त्यो काय भेनाऱ्याला टाकून देतो का? मला न्हाई वाटत."

एवढं बोलून त्यांनी मंडळीकडं पाहिलं. ते वाट बघत होते. कुणी "जय ख्रिस्त" म्हटलं नाही. साहेबरावांनी मान फिरवली. बांधापलीकडं पाटलांच्या माणसांत काहीतरी कुजबूज झाली. मला तेव्हा मोठ्यानं म्हणता आलं असतं. माझी सख्खी बहीण खड्ड्यात होती आणि तिच्यासाठी ते दोन शब्द मला म्हणता आले असते. पण इतकी वर्षं देवळात न गेलेल्या माणसानं एकट्यानं ओरडायचं, याची मला लाज वाटली. ती लाज मला आजही वाटते, पण आता वेगळ्या कारणानं. शेवटी दाजींनीच वाकून मूठभर माती घेतली आणि टाकली.

पुढचे दोन दिवस आमच्या दारात कुणी आलं नाही. मयताच्या घरी शेजारपाजाऱ्यांनी भाकरी आणून द्यायची पद्धत आहे. पहिल्या दिवशी दोन घरांतून आल्या, दुसऱ्या दिवशी एकाही नाही. साहेबराव उदगीरला पाळकसाहेबांकडं गेल्याचं कळलं. ज्यांच्या ज्यांच्या घरचं कुणी दाजींनी पुरलं होतं, ती घरं आतल्या आत धुमसत होती. आपला बाप कसा गेला, आपली बायको कशी गेली, हे आता कुणालाच खात्रीनं ठाऊक नव्हतं. मला त्यांचा राग येत नव्हता. माझ्या मनात राग होता तो दाजींवर, की हे त्यांनी दहा वर्षांपूर्वी का केलं नाही. आणि त्याच वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, तो माणूस मला आवडायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुरपताबाई आली. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. ती आत आली नाही, पायरीशी उभी राहिली. आता साठीला आली होती, पण पाठ ताठ होती.

"मास्तर, किशनचं बी खोटंच हुतं का?" तिनं विचारलं.

दाजी उठून उभे राहिले. मला वाटलं, आता नको. हिच्याकडं तेवढं एकच आहे, ते राहू द्या हिला. मी तसं म्हणणारही होतो.

"हाव बाई," दाजी म्हणाले. "खोटं हुतं."

"भ्याला का?"

"लई भ्याला."

"आन काय म्हनला?"

धुरपताबाई वाट बघत उभी राहिली. मग दाजी म्हणाले, "तुला हाका मारीत हुता. उदगीरची वाट अर्धी होईस्तोवर. प्रभूचं न्हाई, दुसऱ्या कुनाचंच नाव न्हाई. तुझंच."

ती पायरीवर बसली. मी पाणी आणलं, तिनं तांब्याकडं पाहिलंही नाही.

"धा वर्सं," ती म्हणाली. "धा वर्सं मला वाटायचं, जाताना माझ्या लेकराला माझी याद बी आली न्हाई. मी हितं नव्हते, लेकीकडं जाऊन बसले हुते, म्हनून त्येनं मला मनातून काढून टाकलं. तुमी सभेत सांगायचाव, मानसं रडायची, आन मी बसून ऐकायची. दर बारीला मला वाटायचं, एकदा तरी म्हना, मायचं नाव काढलं म्हनून. त्या दिसापासून मी लेकीचं तोंड बघितलं न्हाई. नातवाला हात लावला न्हाई. कामून सांगितलं न्हाई मला?"

"मला वाटलं, तुला बळ यील," दाजी म्हणाले.

"मला बळ काय करायचं हुतं, मास्तर?"

दाजी तिच्यासमोर मातीत खाली बसले. मग ती पुढं झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "कसं म्हनला? कसा हाक मारीत हुता? तसंच म्हनून दावा."

"बाई, नगं."

"दावा. तुमच्याशिवाय आता कुनीच न्हाई ऐकलेलं."

त्या भित्र्या माणसानं डोळे मिटले. मग पन्नाशी उलटलेल्या त्या बाप्याच्या गळ्यातून एका वीस वर्षांच्या पोराची हाक आली, दमलेली, गाडीच्या हिसक्यानं तुटलेली. "माय. माय गं. कुठं हायेस. माय."

आणि पायरीवर बसलेल्या धुरपताबाईनं ओ दिली.